निकालाची वाट पाहणाऱ्या घरांस

शास्त्रपाठ : मत्तय २५:१-१३, याकोब ५:७, ८



मृगाचे दिवस आले म्हणजे आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांत दोन प्रकारचे वाट पाहणे एकाच ओट्यावर चालू असते. शासनाने २०२४ साली जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव दिले. आपल्यापैकी बहुतेक जण अजून सवयीने नगरच म्हणतात. नाव कोणतेही घ्या, जमीन तीच जिरायत आणि आभाळ तेच कृपण. बाप पश्चिमेकडील ढगांकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि मुलगा किंवा मुलगी हातातील मोबाइलकडे. बापास पाऊस पाहिजे, मुलास सीईटीचा निकाल पाहिजे. २०२४ व २०२५ या दोन्ही साली हा निकाल जूनच्या मध्यास लागला, म्हणजे पेरणीच्या ऐन घाईत. आई चुलीपुढे बसून दोघांकडेही पाहत असते, आणि आम्हांस वाटते की तिघांत तिचेच वाट पाहणे अधिक कठीण असते.

ज्या उपदेशक बंधूंचा या परीक्षांशी कधी संबंध आला नाही त्यांस प्रथम थोडे समजावून सांगितले पाहिजे, कारण मंडळीतील आईबाप विचारावयास त्यांच्याकडेच येतात. पूर्वी मॅट्रिक ही एकच वेस होती. ती ओलांडली की कॉलेजचा रस्ता मोकळा होई. आता बारावी होऊनही भागत नाही. इंजिनिअरिंग, औषधनिर्माण व शेतकी या शाखांस जावयाचे तर राज्याची सीईटी द्यावी लागते, आणि डॉक्टर व्हावयाचे तर सर्व देशाची नीट. सीईटीचा निकाल साध्या गुणांत नव्हे, तर पर्सेंटाइलमध्ये येतो. एखाद्या मुलीस ऐंशी पर्सेंटाइल मिळाले याचा अर्थ तिचे शंभरांतील ऐंशी प्रश्न बरोबर आले असा नव्हे. तिच्याबरोबर बसलेल्या मुलांपैकी शंभरांची रांग लावली तर सुमारे ऐंशी मुले तिच्या बरोबरीस किंवा तिच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ही रांग आहे, माप नव्हे. ही गोष्ट आपण पुढे पुन्हा काढणार आहोत, म्हणून ती ध्यानात असू द्यावी.

निकाल लागला की काम संपत नाही; तेथून ते सुरू होते. नोंदणी करावयाची, दाखले तपासून घ्यावयाचे, तात्पुरती गुणवत्ता यादी पाहावयाची, तीत चूक असल्यास हरकत घ्यावयाची, मग कॉलेजांची पसंती क्रमाने भरावयाची. या प्रत्येक पायरीस तारीख असते व त्या तारखेस दार बंद होते. निकाल आणि मुदत यांच्यामध्ये दिवस थोडे असतात. निकाल लांबला तर ते आणखी थोडे होतात, आणि बाहेरच्या काही संस्थांची मुदत तर निकालापूर्वीच संपून जाते.

आता आपल्या शास्त्रपाठाकडे वळू. प्रभूने सांगितलेला दहा कुमारींचा दाखला आपण लग्नाच्या दिवसांत पुष्कळदा ऐकतो, आणि उपदेशक बहुधा जागृतीवर उपदेश करून बसतात. परंतु दाखला नीट वाचला तर तीन गोष्टी दिसतात ज्या सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली ही की विलंब वराने केला. कुमारी वेळेवर आल्या होत्या. उशीर त्यांचा नव्हता. दुसरी ही की दहाही जणी झोपी गेल्या. मूर्ख झोपल्या आणि शहाण्या जाग्या राहिल्या असे शास्त्र म्हणत नाही. झोपेबद्दल प्रभूने कोणासही दोष दिला नाही. तिसरी ही की शहाण्यांचे शहाणपण त्या रात्रीचे नव्हते, ते आदल्या दिवसाचे होते. त्यांनी घरून निघतानाच भांड्यात तेल घेतले होते. म्हणूनच त्यांस झोप घेता आली.

निकालाची वाट पाहणाऱ्या घरांस हा दाखला किती जवळचा आहे ते पाहा. विलंब दुसऱ्याचा, तोटा मात्र ज्याच्यापाशी तेल नाही त्याचा. आणि ज्याचे तेल तयार आहे त्याने रात्रभर मोबाइल उशाशी घेऊन जागावे असे काही नाही. मुलांनो, निजा. मध्यरात्री हाक आली तर दिवा पेटवावयास वेळ पुरतो.

विलंब दुसऱ्याचा असतो असे आम्ही म्हटले, ते उगाच नव्हे. आपल्या जिल्ह्याची कॉलेजे पुणे विद्यापीठाखाली आहेत. परंतु २०१७ साली मुंबई विद्यापीठात जे झाले ते सर्व महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचले. त्या विद्यापीठाने पदवी परीक्षांच्या सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासावयाचे एकाएकी ठरविले. तयारी अपुरी पडली. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैपर्यंत सर्व निकाल लावण्यास सांगितले; तो दिवस उलटून गेला आणि कित्येक निकाल पुढे महिना महिना लांबले. ज्यांस त्या निकालाच्या बळावर पुढील शिक्षणास अर्ज करावयाचे होते ते विद्यार्थी गुणपत्रिकेवाचून दुसऱ्यांच्या दारात उभे राहिले. त्यांनी अभ्यास केला नव्हता असे नव्हे. पेपर लिहून त्यांस महिने लोटले होते. काही जण उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबरात कुलगुरूंस पदावरून दूर करण्यात आले, परंतु तोपर्यंत ज्यांचे वर्ष गेले ते गेलेच.

२०२० साली करोनाच्या साथीमुळे राज्याची सीईटी पावसाळा सरल्यावर झाली आणि निकाल नोव्हेंबर अखेरीस लागला. त्या वर्षी विलंबाचा दोष कोणाही माणसावर ठेवता येत नाही. २०२४ साली नीट परीक्षेस सुमारे २३ लाख मुले बसली. निकाल ४ जूनला, म्हणजे ठरल्याहून आधीच, लागला. परंतु पेपर फुटल्याच्या व वाढीव गुणांच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १५६३ मुलांचे वाढीव गुण काढून घेऊन त्यांस फेरपरीक्षेची मोकळीक देण्यात आली. सबंध परीक्षा रद्द होणार नाही हे २३ जुलैला ठरले, आणि सुधारलेला निकाल त्यानंतर आला. म्हणजे निकाल हाती असूनही तो आपला आहे की नाही हे मुलांस सात आठवडे कळले नाही. पाऊस पडून गेल्यावर हे पीक तुझे नव्हे असे कोणी म्हणावे, तशी ती अवस्था.

वाट पाहण्याचा हा काच नवा नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. तीस १३२ जण बसले व २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे मॅट्रिकचा उंबरठा तेथलाच होता. आपल्या नगरच्या मुलांस निकालाबरोबर दुसरीही एक काळजी असे. येथे १८३१ साली मिशनचे ठाणे झाले, शाळा निघाल्या, मुलींच्या शाळा निघाल्या, शिक्षक तयार होऊ लागले, परंतु बी.ए.च्या मार्गावर नेणारे कॉलेज जिल्ह्यात नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाने ट्रंक उचलून पुण्यास किंवा मुंबईस जावे, नाही तर तेथेच थांबावे. पुष्कळ जण तेथेच थांबले; मास्तर झाले, उपदेशक झाले, आणि मंडळीस त्याचा लाभ झाला हे खरे. तरी ते सर्वच आपखुशीने थांबले असे कोणी समजू नये. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले तेव्हा ती एक वाट पाहणे संपले. सोळा वर्षांच्या मुलास निकालाचे पंधरा दिवस युगासारखे वाटतात. येथील मंडळीने कॉलेजची वाट शंभर वर्षांहून अधिक पाहिली.

आता तेलाविषयी बोलू, कारण आम्हांस जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते हेच. परीक्षेचा अभ्यास हे एक तेल झाले. ते ज्याचे त्याने भरावयाचे, आणि शहाण्या कुमारींनी म्हटल्याप्रमाणे ते उसने देता येत नाही. परंतु दाखले हे दुसरे तेल आहे. ते आईबाप, उपदेशक व मंडळी यांनी मिळून भरावयाचे असते, आणि आपल्या लोकांची भांडी येथेच रिकामी सापडतात.

याचे कारण उघड सांगितले पाहिजे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम फक्त हिंदूंस मिळत. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांचा झाला नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गांत होते. हे योग्य की अयोग्य याविषयी आमचे मत आहे, आणि वाचकांस ते ठाऊकच आहे. परंतु अर्जाच्या खिडकीपाशी मत चालत नाही, दाखला चालतो. शेजारच्या घरातील मुलाने जे कागद जोडले तेच आपल्या मुलाने जोडले तर तपासणीत अर्ज अडकतो. आपल्या मुलास इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला पाहिजे, जिल्हा समितीचे जात वैधता प्रमाणपत्र पाहिजे, आणि त्यावर नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र पाहिजे. हे शेवटले कायमचे नसते. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि कोणत्या सालच्या मार्चला ते त्या कागदावरच लिहिलेले असते. गतवर्षी धाकट्या काकाने काढलेला कागद पेटीत आहे म्हणून निश्चिंत राहिलेली घरे आम्हांस ठाऊक आहेत. याशिवाय उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला हे आहेतच.

यांपैकी जात वैधता प्रमाणपत्र हे सर्वांत सावकाश येणारे तेल होय. शासनाने कित्येक वर्षी ते सादर करण्यास मुदत वाढवून दिली आहे. परंतु वाढीव मुदतीवर भरवसा ठेवून बसणे म्हणजे परतीचा पाऊस पडेलच म्हणून विहीर न खणणे होय. मूल अकरावी-बारावीस असतानाच शाळेमार्फत यासाठी अर्ज करता येतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आता आपल्या भूमिहीन आजोबांपाशी सातबारा कोठून यावा? परंतु आजोबा मिशनच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकले असतील, तर त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांचे नाव, गाव व पुष्कळदा जातही लिहिलेली सापडते. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत कुटुंब कोठले व कोणत्या साली मंडळीत आले ते असते. समिती कोणता पुरावा किती ग्राह्य धरील हे तिच्या हाती. पण जो पुरावा उंदरांनी खाल्ला त्याचा विचार ती करूच शकत नाही. उपदेशक बंधूंनो, तुमच्या ताब्यातील ती जीर्ण वही केवळ स्वर्गातील नावांची आठवण नव्हे. ती तुमच्या गावातील एखाद्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या जागेची किल्लीही असू शकेल.

मुलींविषयी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गाच्या व आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले आहे. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेला असावा. म्हणून मुलीस पुढे शिकवावयाचे नाही याचे कारण फी हे आहे असे जो बाप सांगतो, त्यास उपदेशकाने हे समजावून द्यावे, आणि मग खरे कारण काय ते शांतपणे विचारावे.

तहसील कचेरीच्या पायरीवर दोनशे रुपये मागणारा एखादा मनुष्य भेटतो. त्याच्याविषयीही शास्त्रात आहे. पौल कैसरीयात दोन वर्षे बंदीत पडून राहिला, तो त्याच्या अपराधामुळे नव्हे. सुभेदार फेलिक्स याने त्याचा निकाल लांबविला, कारण पौलापासून काही पैसा मिळेल अशी त्यास आशा होती. पौलाने पैसा दिला नाही. पण तो गप्पही बसला नाही. नवा सुभेदार आल्यावर त्याने आपला हक्क मागितला व कैसरापर्यंत दाद मागितली. अन्यायी न्यायाधीशापुढील विधवेचा दाखलाही प्रभूने आपणांस दिला आहे. कुमारींच्या दाखल्यातील दार बंद झाले ते उघडले नाही, कारण ते प्रभूचे दार होते. मनुष्यांच्या दारांचे तसे नाही. यादीत नाव चुकले असेल तर हरकत घेण्यास दिवस दिलेले असतात; अर्ज परत आला असेल तर दुरुस्त करता येतो. मनुष्याने बंद केलेल्या दारासमोर हात जोडून बसणे यास आम्ही विश्वास म्हणत नाही.

दुसऱ्या एका दाराविषयी सावध करणे भाग आहे. निकाल लागण्यापूर्वीच काही जण घरोघर येतात अथवा फोन करतात, आणि आज इतकी रक्कम भरा म्हणजे जागा तुमची, उद्या मिळणार नाही असे सांगतात. बाप घाबरतो, शेळ्या विकतो, किंवा उचल घेतो. बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने सांगितले ते अशाच वेळेसाठी. जागा कोणत्या कॉलेजात, ते मान्यताप्राप्त आहे काय, रक्कम परत मिळते काय, पावती कोणाच्या नावाची. ही चार उत्तरे कागदावर मिळाल्यावाचून एक पैसाही देऊ नये. आणि शासनाच्या फेरीत पसंती भरतानाही विचार करावा. २०२५ सालच्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेच पक्के होई, पुढील फेऱ्यांत जाता येत नसे. तेव्हा पहिल्या ओळीत उगाच मित्राने लिहिले म्हणून काही लिहू नये. नियम वर्षास बदलतात. त्या त्या वर्षीची पुस्तिका कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावी.

आता त्या रात्रीविषयी, म्हणजे निकालाच्या आदल्या रात्रीविषयी. ख्रिस्ती घरांत त्या रात्री प्रार्थना होते, आणि ती व्हावीच. पण मागावे काय? उत्तरपत्रिका देऊन महिना झालेला असतो. देवा, गुण वाढव, असे आईबाप म्हणतात. त्यांची कळकळ आम्ही जाणतो; तरी आम्ही सांगितले की ही रांग आहे. माझ्या मुलास दहा जागा पुढे सरकव असे म्हणणे म्हणजे दुसऱ्या कोणाची दहा मुले मागे सार असे म्हणणे होय, आणि त्या दहांच्या घरीही त्या रात्री कोणी गुडघे टेकलेले असते. जब्दीच्या मुलांच्या आईने नेमके हेच मागितले होते: माझ्या दोघांस तुझ्या उजवीकडे व डावीकडे जागा दे. प्रभूने तिला झिडकारले नाही. काय मागता हे तुम्हांस समजत नाही एवढे त्याने म्हटले, आणि त्या जागा देणे आपल्याकडे नाही, पित्याकडे आहे असे सांगितले. आई जागा मागणारच. परंतु प्रभूने त्या मुलांस जे विचारले ते जागेविषयी नव्हते. प्याल्याविषयी होते: जे प्यावे लागेल ते पिण्याची तुमची तयारी आहे काय? निकालाच्या रात्री हीच प्रार्थना आम्हांस योग्य दिसते. जे येईल ते घेऊन उभे राहण्याचे बळ मुलास मिळावे, बापाच्या जिभेस लगाम मिळावा, आणि सकाळी या घरात कोणी एकटे पडू नये.

बापाची जीभ असे आम्ही मुद्दाम म्हटले. आपल्या इकडची मुले लातूरास, पुण्यास, काही थेट राजस्थानात कोट्यास शिकवणीसाठी जातात. एकटी राहतात, आणि घरून आलेला पैसा त्यांस ऋणासारखा वाटतो. निकालानंतर जीव देणाऱ्या मुलांच्या बातम्या दरवर्षी येतात. कोटा हे नाव त्या बातम्यांनीच आता खेड्यापाड्यांत माहीत झाले आहे. अशा घरी मागाहून समाचारास जाणे हे उपदेशकाचे सर्वांत जड काम होय. म्हणून आधी जावे. निकाल ज्या दिवशी लागावयाचा त्या दिवशी उपदेशकाने आपल्या मंडळीतील अशा प्रत्येक घरी जावे. फार बोलू नये. पर्सेंटाइल किती हे विचारू नये. घरचे सांगतील तर ऐकावे. मूल जेवले का ते पाहावे. त्यास रात्री एकटे निजू देऊ नये. मूल गप्प झाले, मागे उरण्यात अर्थ नाही असे काही बोलले, तर त्यास अविश्वासाचा दोष देऊ नये; मदत मिळवावी. शासनाची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून आहे; १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. ज्यास ताप आला त्यास आपण दवाखान्यात नेतो आणि प्रार्थनाही करतो, येथेही तसेच.

गुणांची यादी ही देवाची यादी नव्हे, हे मुलांस कोणी तरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. शमुवेल इशायाच्या घरी गेला तेव्हा थोरल्यापासून सात मुले रांगेने त्याच्यापुढून गेली. आठव्यास तर कोणी रांगेत उभेही केले नव्हते, तो मेंढरांमागे होता. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या त्या वैद्यक शिकावयाच्या हेतूने. त्यांच्या कानांस कमी ऐकू येई, म्हणून ते दार बंद झाले. पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले, आणि दौंडजवळ केडगावास, आपल्या नगरच्या आगगाडीच्या वाटेपासून दूर नव्हे, मुक्तिसदन उभे राहिले, जेथे दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलीबायांस घर मिळाले. मात्र एक सांगतो. ही गोष्ट निकालाच्या दिवशी रडणाऱ्या मुलीस सांगू नये. १८८३ साली रमाबाईंसही केडगाव दिसत नव्हते. त्यांच्यापुढे फक्त बंद दार होते. अशा गोष्टी आधी, माघ-फाल्गुनात, मुलांच्या सभेत सांगाव्या, म्हणजे वेळेस त्या आपल्या आपण आठवतात.

याकोब आपल्या पत्रात शेतकऱ्याचे उदाहरण देतो. पहिला व शेवटला पाऊस येईपर्यंत तो धीराने वाट पाहतो. नगरच्या शेतकऱ्यास हे शिकवावे लागत नाही. बाजरी पेरल्यावर कोणी रोज माती उकरून दाणा पाहत नाही. पण कोणी हातावर हात ठेवूनही बसत नाही. कोळपणी असते, खुरपणी असते, बांध घालावयाचे असतात. परीक्षा देऊन आलेल्या मुलास महिना दीड महिना मोकळा असतो. तो सगळा निकालाच्या भीतीत जाऊ न देता काही त्याच्या हाती द्यावे. त्याने मंडळीतील धाकट्या मुलांस गणित शिकवावे. वडिलांबरोबर तहसिलीत जावे. स्वतःचे दाखले स्वतः पाहून नावाचे एकेक अक्षर आधार कार्डाशी ताडून घ्यावे. एका कागदावर आडनाव एक आणि दुसऱ्यावर दुसरे हे आपल्या लोकांत फार आहे, कारण आजोबांचे नाव बाप्तिस्म्यात बदलले, मास्तरांनी निराळे लिहिले, आणि कारकुनाने तिसरेच.

मंडळीच्या वडिलांपाशी आमचे मागणे आहे. ज्यांच्या घरी यंदा अकरावी-बारावीचे मूल आहे त्यांची यादी पुढील रविवारी उपासनेनंतर करावी. मंडळीत शिकलेला कोणी असेल, मग तो तालुक्याच्या गावी नोकरीस का असेना, त्याने अर्ज भरण्याच्या दिवसांत एक दिवस गावी द्यावा. पाथर्डी, शेवगाव या बाजूची जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, त्यांस तर दाखल्यांसाठी मधले महिने मिळतच नाहीत. त्यांनी जातीच्या दाखल्याचे व वैधतेचे काम दसऱ्यापूर्वीच सेतू केंद्रात जाऊन सुरू करावे, आणि अर्जाची पावती कारखान्यावर बरोबर न नेता गावी कोणापाशी तरी ठेवून जावी. मूल वसतिगृहात राहणार असेल तर त्याच्याशी बोलावयास आठवड्यातून एक वार ठरवून घ्यावा. आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीच्या पेटीची किल्ली कोणापाशी आहे, हे उपदेशकाने गावाबाहेर जाताना एखाद्या वडिलास सांगून जावे.